ग्लँड्युलर फिव्हर उतरला, पण थकवा जाईना. कोल्हापुरात कुणाला अनुभव आहे का?

रंकाळाकाठ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मुलासाठी लिहितेय. वय २०, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. दसरा झाला आणि ताप सुरू झाला. घसा इतका सुजला की थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. मानेला मागच्या अंगाने दोन्हीकडे गाठी. आधी डेंगी तपासलं, मग टायफॉइड, दोन्ही नाही. शेवटी रक्तात वेगळ्या दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी आल्या, डॉक्टरांनी ईबीव्ही या विषाणूची तपासणी करून घेतली आणि ग्लँड्युलर फिव्हर असल्याचं सांगितलं. यकृताचं एसजीपीटी वाढलेलं होतं. सोनोग्राफीत प्लीहा मोठी झालेली दिसली.

आता ताप नाही, घसा मोकळा झालाय, गाठी बसत आल्यात. पण पोराच्या अंगात त्राण म्हणून नाही. अंघोळ करून आला की पलंगावर आडवा होतो. दहा-बारा तास झोपतो आणि उठतो तो रात्रभर जागल्यासारखा. पुस्तकाचं पान उघडलं की म्हणतो, आई, वाचतोय पण डोक्यात शिरत नाही. परवा मित्र त्याला अंबाबाईच्या किरणोत्सवाला घेऊन गेले. देवळात गर्दीत बराच वेळ उभा होता. घरी आला तेव्हा हसत होता, मला वाटलं सुटलो एकदाचे. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर असा गळून गेला की ताटसुद्धा अंथरुणाजवळ न्यावं लागलं, आणि घसाही परत दुखायला लागला.

सासूबाईंचं म्हणणं, पडून पडून अंग आंबलंय, त्याला उठवा आणि रंकाळ्याला फेरी मारायला लावा. ह्यांचं म्हणणं, दोन सलाईन लावून घेऊ, तरतरी येईल. तालमीतली मुलं रोज विचारतात, हंगामाला येणार ना? मला त्याचा चेहरा बघवत नाही. तो आळशी नाही हो. थंडीत पहाटे उठून सरावाला जाणारा मुलगा आहे.

हे किती दिवस चालतं? काय करावं, काय करू नये?

गंगावेस_कट्टा | शनिवार, रात्री १०:१५

वैनी, घाबरू नगासा. खेळणारं पोरगं हाय, उभं राहतंय बगा. मी तरुणपणी लाल मातीत घाम गाळलेला माणूस. आमच्या तालमीत आजारी पैलवानाला वस्ताद आखाड्यात पाऊल ठेवू द्यायचे न्हाईत. ताप उतरला तरी बाजूला बसून दुसऱ्यांचे जोर-बैठका बघायच्या, स्वतः मारायच्या न्हाईत. फुटबॉलचा हंगाम दरवर्षी येतोय, पोरगं एकच हाय.

खाण्याचं म्हणाल तर पायाचं सूप द्या, पांढरा रस्सा द्या, कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध द्या. सकाळी गुळवेलीचा काढा. ताकद भरून येती.

बावडा_ओपीडी | शनिवार, रात्री ११:३०

ताई, मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, कसबा बावड्यात ओपीडी बघतो. मुलाला मी तपासलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण तुमचे प्रश्न इतक्या घरांतून येतात की सविस्तर लिहितो.

ग्लँड्युलर फिव्हर ज्याच्यामुळे होतो तो एपस्टीन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, १९६४ साली सापडला. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो. आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होतो आणि साध्या सर्दी-तापासारखा निघून जातो, कुणाला कळतही नाही. तोच पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान पहिल्यांदा झाला तर असा आडवा करतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात, म्हणून कुणाकडून आला हे शोधण्यात काही हाती लागत नाही.

ताप आणि घसा साधारण दोन ते चार आठवड्यांत आटोक्यात येतात. थकवा मात्र मागे रेंगाळतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत, काहींचा दोन-तीन महिन्यांत कमी होतो. ऑस्ट्रेलियात डब्बो या भागात ईबीव्ही आणि आणखी दोन संसर्ग झालेल्या २५३ रुग्णांचा पाठपुरावा केला होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के रुग्णांना दीर्घ थकव्याचा विकार होता. तो कुणाला झाला हे मुख्यतः सुरुवातीचा आजार किती तीव्र होता यावर ठरत होतं, रुग्णाच्या स्वभावावर किंवा मनःस्थितीवर नाही. हे वाक्य तुमच्या सासूबाईंना आणि यजमानांना जरूर वाचून दाखवा. शिकागोत ३०१ किशोरवयीन मुलांना दोन वर्षं बघितलं, त्यात सहा महिन्यांनी १३ टक्के, वर्षाने ७ टक्के आणि दोन वर्षांनी ४ टक्के मुलं थकव्यातून बाहेर आलेली नव्हती. तुमचा मुलगा आत्ता दीड महिन्याच्या आसपास आहे. तो त्या चार टक्क्यांत आहे असं समजायला आज काहीही आधार नाही.

आता सलाईन. माणूस तोंडाने पीत-खात असेल तर सलाईनमधून जातं ते पाणी आणि मीठ, फार तर साखर. तासाभराची तरतरी ही बाटलीपेक्षा तिथे शांत पडून राहिल्याची असते. तेवढे पैसे फळांवर घाला. ताकदीची इंजेक्शनंही बी-ट्वेल्व्ह खरंच कमी असेल तरच. स्टेरॉइड थकव्यासाठी कुणी सुचवलं तर नको म्हणा. घसा सुजून श्वासाला अडथळा होण्यासारख्या प्रसंगी ते वापरतात. अँटिबायोटिक या विषाणूवर चालत नाहीच, शिवाय या आजारात अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन दिलं तर पुष्कळांच्या अंगभर पुरळ उठतं.

सगळ्यात महत्त्वाचं: प्लीहा. जुनी माणसं पाणथरी म्हणतात ती, पोटात डावीकडे बरगड्यांखाली. या आजारात साधारण निम्म्या रुग्णांची ती वाढते आणि नाजूक होते. ती फाटण्याचा धोका शंभरात एकालाही नाही, पण फाटली तर जीवावरचं असतं. पहिले तीन आठवडे धोका सर्वात जास्त. म्हणून निदान तीन-चार आठवडे फुटबॉल, कुस्ती, वजन उचलणं, जोर काढणं सगळं बंद. तुमच्या मुलाची प्लीहा सोनोग्राफीत मोठी दिसली आहे, त्यामुळे नुसते आठवडे मोजून मैदानावर पाठवू नका, डॉक्टरांनी परत तपासून हो म्हटलं पाहिजे. पोटात डावीकडे अचानक जोरात दुखलं, डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखायला लागलं, घाम फुटून चक्कर आली तर रात्र असो की दिवस, थेट मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात. आपलं सीपीआर रुग्णालय आहेच.

गंगावेसवाले दादा, वस्तादांचं बरोबर होतं. रस्सा-सूप घसा बरा असेल तर चालेल, तिखट-तेल कमी. दूध मात्र उकळूनच. कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. गुळवेल सध्या नको. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडल्या होत्या. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद आहे. पण ज्याचं एसजीपीटी आधीच वाढलंय त्याच्यावर तो वाद कशाला अजमावायचा? दारू पूर्ण बंद, हे मुलाला एकटं गाठून सांगा. पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त नको.

गंगावेस_कट्टा | रविवार, सकाळी ६:५०

डॉक्टर, बराबर. गुळवेल मागं घेतो. वैनी, दूध उकळून द्या.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली | रविवार, सकाळी ११:०५

रंकाळाकाठ ताई, तुमच्या मुलाचं किरणोत्सवाचं वाचलं आणि लिहायला बसले, कारण नेमकं तसंच माझं व्हायचं.

मला हा आजार झाला तेव्हा लग्नाला वर्ष व्हायचं होतं. एका पतसंस्थेत काउंटरवर काम करायचे. ताप गेला, रजा संपली, कामावर जावं लागलं. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसमधून उतरले आणि गल्लीच्या तोंडाशी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. घर समोर दिसत होतं आणि पाय उचलत नव्हते. त्यात गौरी-गणपती आले. नवी सून भर दुपारी झोपते, ही गोष्ट घरात किती मोठी होते ते बायकांना सांगायला नको. कुणी वाईट नव्हतं. सासूबाई स्वतः खोकत असतानाही पुरण वाटणाऱ्या, त्यांना हे समजायचं कसं? रिपोर्ट सगळे नॉर्मल आलेले. नॉर्मल रिपोर्टचा कागद हातात घेऊन आडवं पडायचं म्हणजे आपणच गुन्हेगार असल्यासारखं वाटतं.

मला जे कळायला फार वेळ लागला ते तुमच्या मुलाला लवकर कळावं म्हणून सांगते. या थकव्यात फटका त्याच दिवशी बसत नाही. आज बरं वाटतं, माणूस हौसेने चार कामं उरकतो आणि उद्या किंवा परवा तो कोसळतो. मधे रात्र गेलेली असते, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही. घरचे म्हणतात, काल तर चांगली होतीस! म्हणून मी वही घातली. सकाळी उठल्यावर कसं वाटतंय, दिवसभरात काय काय केलं, रात्री कसं वाटतंय, बस्स, चार ओळी. पंधरवड्यात दिसायला लागलं की मला काय झेपतं. उभं राहणं सगळ्यात महाग पडत होतं. चालण्यापेक्षाही. ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटल्या की दुसरा दिवस गेलाच. त्यानंतर मी कणीक, भाजी, निवडणं सगळं खाली पाटावर बसून करायला लागले आणि नवऱ्याने पोळ्या बाहेरून आणायला सुरुवात केली.

नियम एकच ठेवला: जेवढं जमेल असं वाटतंय त्याच्या निम्मं करायचं. दमल्यावर आडवं होण्यात फायदा नाही, दमायच्या आधी आडवं व्हायचं. अंघोळ झाली की लगेच दुसरं काम नाही, अर्धा तास डोळे मिटून. मोबाइल बघत पडणं ही विश्रांती नाही, हे मला पटायला वेळ लागला, पण डोकं चालतं म्हणजे शरीरही खर्चात पडतं. पाहुणे आले तर नवरा आधीच सांगायचा, ती पंधरा मिनिटं बसेल. त्याने ते स्वतः सांगितलं, मला सांगायला लावलं नाही, याची किंमत मला आयुष्यभर राहील.

अंघोळीला स्टूल घ्या. कडकडीत पाणी नको, गरम पाण्याने रक्तदाब खाली येतो आणि चक्कर येते, कोमट घ्या. दाढी आणि अंघोळ एका वेळी नको, एक सकाळी, एक संध्याकाळी. तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल तर जिना दिवसातून एकदाच, मधे थांबत. खाणं थोडं थोडं, चार-पाच वेळा. नाचणीचं आंबील, मुगाचं कढण, ताक-भात यांवर मी तरले.

मी पूर्ण बरी झाले का? हो. गौरी-गणपतीत कोसळले होते, पुढच्या उन्हाळ्यात माझी मी माहेरी एसटीने गेले. पण सुधारणा सरळ वर चढत गेली नाही. चांगला आठवडा, मग वाईट, मग थोडा जास्त चांगला. वाईट आठवडा आला की मुलगा घाबरेल. तेव्हा वही उघडून मागच्या महिन्याचं पान दाखवा.

रंकाळाकाठ | रविवार, दुपारी १:२०

ताई, तुमचं सगळं लेकाला वाचून दाखवलं. उभं राहणं महाग पडतं, इथे त्याने मला थांबवलं आणि म्हणाला, हेच, हेच मी सांगत होतो. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी आपलं म्हणणं ओळखलंय असं वाटलं. खूप खूप आभार.

डॉक्टर, एक विचारते. पूर्ण पडून ठेवायचं का मग? सासूबाईंचं अंग आंबण्याचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे का?

फिजिओ_राजारामपुरी | रविवार, दुपारी ३:४५

डॉक्टरांच्या आधी मी थोडं सांगतो, कारण हा भाग आमच्याकडे येतो. आजींचं म्हणणं निम्मं खरं आहे. आठवडेच्या आठवडे पूर्ण पडून राहिलं की स्नायू उतरतात, उभं राहिल्यावर रक्तदाब सांभाळण्याची शरीराची सवयही मोडते. म्हणून हालचाल हवी, पण ती रंकाळ्याच्या फेरीपासून सुरू करायची नाही. पलंगावर पाय हलवणं, टाचा ओढणं, हात वर घेणं. मग खुर्चीत बसणं. मग घरातल्या घरात. नवीन काही वाढवलं की पुढचे दोन दिवस बघायचं. काही बिघडलं नाही तर तेवढंच आणखी काही दिवस ठेवायचं, मग थोडं वाढवायचं. बिघडलं तर निमूट मागे यायचं. दर आठवड्याला इतकी मिनिटं वाढवायचीच असा तक्ता करून त्यामागे फरफटवायचं नाही. खेळाडू पोरांना हेच जड जातं, कारण त्यांना दुखलं तरी रेटायची शिकवण असते, आणि एरवी ती चांगलीच शिकवण आहे.

पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, वजनं, दोरीउड्या यांना प्लीहेचा निकाल लागेपर्यंत हात लावू नका.

आणखी एक. दहा मिनिटं शांत आडवं झोपवून नाडी मोजा. मग उभं करा, भिंतीजवळ, तुम्ही बाजूला थांबा, आणि दहा मिनिटांपर्यंत दर दोन मिनिटांनी मोजा. चक्कर आली तर लगेच बसवा. त्याच्या वयात नाडी मिनिटाला ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल तर तो आकडा लिहून डॉक्टरांना दाखवा. विषाणूजन्य आजारानंतर काहींना असं होतं आणि त्यावर उपाय आहेत. भरपूर पाणी आणि मीठ घातलेलं ताक इथपासून सुरुवात होते.

बावडा_ओपीडी | रविवार, रात्री १०:२०

फिजिओंशी सहमत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये दीर्घ थकव्याच्या आजारासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची जुनी पद्धत देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. तुमच्या मुलाला तो आजार आहे असं मी म्हणत नाही. पण मेहनतीनंतर दुसऱ्या दिवशी कोसळणं जोवर दिसतंय तोवर रेटायचं नाही, एवढी सावधगिरी त्यालाही लागू आहे.

थकवा सहा-आठ आठवड्यांपलीकडे तसाच राहिला तर परत जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-ट्वेल्व्ह, ड जीवनसत्त्व, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या. कारण प्रत्येक थकवा ईबीव्हीचाच असेल असं नाही, आणि रक्तक्षय शोधायचा राहून गेला तर वाईट. मानेतली एखादी गाठ बसायच्या ऐवजी वाढत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील, वजन उतरत असेल तर थांबू नका. आपल्या भागात मानेच्या गाठी म्हटल्यावर क्षयाचा विचार करावाच लागतो. घसा परत दुखतोय म्हणालात, सोबत ताप आला तर दाखवा.

वस्त्रनगरी | सोमवार, पहाटे ४:३०

मी इचलकरंजीचा. हळूहळू टाइप करतोय, दोन-तीन बैठकांत.

मी त्या चार टक्क्यांतला आहे. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ झाला. डॉक्टर एमई/सीएफएस म्हणतात, म्हणजे तोच दीर्घ थकव्याचा आजार. काकू, तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुमच्या मुलाचं असं होईल असं मुळीच समजू नका, बहुतेक जण बरे होतात. पण मी आतून बघितलंय म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. जन्मल्यापासून तो खडखडाट ऐकत आलो, त्यावाचून झोप यायची नाही अशी गंमत होती. आजारानंतर तोच आवाज डोक्यात घण घातल्यासारखा झाला. आईने खिडक्यांना जुन्या गोधड्या लावल्या. तुमचा मुलगा आवाज नको, दिवा बंद करा म्हणत असेल तर तो चिडचिडा झालेला नाही. प्रकाश आणि आवाज हेसुद्धा त्याच्या शरीराला पेलावे लागतात. खोली थोडी अंधारी आणि शांत करून द्या, त्याला फरक जाणवेल.

दुसरं. मला सुरुवातीला कुणी थांबवलं असतं तर मी आज बरा असतो का, हे कुणीच सांगू शकत नाही आणि मी तो विचार करत बसत नाही. पण माझ्या आईने पहिल्या दिवसापासून माझ्यावर विश्वास ठेवला. नातेवाइकांत, लग्नकार्यात, शेजारी तिला काय काय ऐकावं लागलं ते मला माहीत आहे. तिने एकदाही मला 'जरा प्रयत्न कर' म्हटलं नाही. मी प्रयत्नच करत होतो, ते तिला दिसत होतं. काकू, तुम्ही 'तो आळशी नाही हो' लिहिलंत ना, ते वाक्य त्याच्यासमोर मोठ्याने बोला. घरातल्या सगळ्यांसमोर बोला.

मन खचतं, हेही सांगतो. मन खचल्यामुळे थकवा आला असं नाही, इतके दिवस पडून राहिल्यावर कुणाचंही खचेल. तो गप्प गप्प झाला, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर ते वेगळं दुखणं समजून त्यावरही डॉक्टरांची मदत घ्या. मी घेतली. थकवा गेला नाही, पण जगणं सुसह्य झालं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली | सोमवार, सकाळी १०:००

वस्त्रनगरी, तुमच्यासाठी आणि तुमच्या आईसाठी मनापासून. उत्तर द्यायची घाई करू नका.

सागरमाळ_मास्तर | सोमवार, दुपारी १२:३०

मी इंजिनिअरिंगला शिकवतो, दुसऱ्या कॉलेजात. अभ्यासाचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. ताई, आजच कॉलेजला अर्ज द्या, मेडिकल सर्टिफिकेट जोडून, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. हजेरीचा प्रश्न सत्राच्या शेवटी नेला तर आम्हालाही हात बांधलेले असतात, आधी आला तर वाट काढता येते. सर्टिफिकेटवर नुसता 'ताप' असं नको, आजाराचं नाव आणि विश्रांतीची मुदत स्पष्ट लिहून मागा. प्रात्यक्षिकं आणि सबमिशनसाठी गटातल्या मुलांशी आणि सरांशी बोलून ठेवा.

अभ्यास सुरू करायचा तर लिहिणं नंतर, आधी ऐकणं. रेकॉर्ड केलेलं लेक्चर पंधरा मिनिटं, आडवं पडून, आणि बंद. त्याला सगळे विषय यंदाच काढायचे असतील, पण एक-दोन राहिले तर पुढच्या सत्रात निघतात. वर्ष वाया गेलं म्हणून माझ्याकडे रडत आलेली आणि नंतर उत्तम नोकरीला लागलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

गंगावेस_कट्टा | सोमवार, संध्याकाळी ७:१०

इचलकरंजीच्या पोराचं वाचलं, जेवण गेलं न्हाई. बाळा, काळजी घे.

वैनी, तुमच्या सासूबाईंना माझ्यासारख्याचंच बोलणं पटंल. त्यांना म्हणावं, विहिरीला पाझर जेवढा तेवढाच उपसा करायचा असतोय. उन्हाळ्यात मोटर जास्त चालवली तर पाणी वाढत न्हाई, गाळ येतोय. पोराची विहीर आत्ता आटलीया. पाझर लागू द्या. आन तालमीचं नाव कळवा, तिथल्या जुन्या माणसांशी मी बोलतो. कोण पोराला घाई लावणार न्हाई.

रंकाळाकाठ | शुक्रवार, रात्री ९:०५

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला. सगळ्यांचं वाचलं, काही गोष्टी सुरू केल्या.

विहिरीचं सासूबाईंना सांगितलं. त्या शेतकऱ्याच्या लेक, लगेच पटलं. आता त्याच आल्यागेल्याला दारातून सांगतात, झोपलाय, उठवायचं नाही. ह्यांनी सलाईनचा विषय सोडला आणि बाथरूमला प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं. वही लेक स्वतः लिहितो. त्यात दिसलं की मित्रांशी फोनवर जास्त वेळ बोललं की दुसऱ्या दिवशी सकाळ जड जाते, आम्हाला हे कधीच कळलं नसतं. आता मित्र आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, तो जमेल तेव्हा ऐकतो. कॉलेजला अर्ज दिला, पोच घेतली. दादा, तालमीत ह्यांनीच बोलून घेतलं, मोठी माणसं समजूतदार निघाली. यंदाचा हंगाम तो खेळणार नाही. हे त्याला सांगताना मला भीती वाटत होती, पण ऐकून तो म्हणाला, बरं झालं, रोज ठरवायला नको. रात्री मात्र रडला. मी जवळ बसले.

थकवा आहे तसाच आहे म्हणायला हरकत नाही, पण या आठवड्यात कोसळणं झालं नाही.

नाडी मोजली. झोपून ७२, उभं राहिल्यावर ९४ पर्यंत गेली. आणि अजून एक, धाकटी मुलगी बारावीला आहे. तिला लागेल का? ताटं-भांडी वेगळी ठेवू का? दुसरी सोनोग्राफी कधी करावी?

बावडा_ओपीडी | शुक्रवार, रात्री ११:१५

ताई, कोसळणं न होणं ही या टप्प्यावर चांगली खूण आहे. नाडीतला फरक ३० च्या आत आहे, तरी आकडे वहीत राहू द्या आणि पुढच्या भेटीत दाखवा.

मुलीचं: हा विषाणू लाळेतून पसरतो आणि बरं झाल्यावरही लाळेत काही महिने राहू शकतो, त्यामुळे वेगळ्या खोलीत ठेवणं वगैरे करून उपयोग नाही आणि गरजही नाही. उष्टं पाणी, एकच बाटली, एकच चमचा, टूथब्रश एवढं टाळा. भांडी नेहमीसारखी साबणाने घासली की पुरे. शक्यता अशीही आहे की तिला तो लहानपणीच होऊन गेलाय. तिची तपासणी करायला धावू नका. मुलाने मात्र पूर्ण बरा होईपर्यंत रक्तदान करू नये.

सोनोग्राफी केव्हा, हे तुमचे डॉक्टर पोट तपासून ठरवतील. यंदा खेळायचंच नाही ठरलंय, त्यामुळे घाई नाही. जाताना दसऱ्यानंतरचा जुना रिपोर्ट सोबत न्या. त्यावर प्लीहेची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते, नवी त्याच्याशी ताडून बघता येते. त्याच दिवशी एसजीपीटी परत करून घ्या म्हणजे दोन फेऱ्या होणार नाहीत, आणि दवाखान्यात रांग असेल तर नंबर तुम्ही लावा, त्याला नंबर आल्यावर रिक्षाने बोलवा.